हेलेबोर बियांपासून: सावलीच्या वाफ्यातल्या प्रकल्प नोंदी

6 फेब्रुवारी 2022

भिंतीच्या पूर्वेकडचा लांबट वाफा या कामासाठी ठरवला. शेजारी पानगळीचं मोठं झाड आहे. थंडीत ते उघडं असतं तेव्हा वाफ्यावर सकाळचं तिरपं ऊन येतं आणि उन्हाळ्यात पालवी दाटली की दिवसभर सावली. हेलेबोरला, म्हणजे थंडीच्या अखेरीस फुलणाऱ्या या बहुवर्षायू झाडाला, हीच वाटणी मानवते. सावलीतलं झाड म्हणून त्याला बारा महिने काळोखात बसवलं, तर पानं भरपूर येतात आणि फुलांच्या नावाने बोंब.

वाफ्यात दोन जुनी झाडं आहेत, दोन्ही लेंटन रोज गटातले (बागेत लावतात ते संकरित हेलेबोर). नोंदीपुरती त्यांना 'ज' आणि 'प' म्हणतो. 'ज' गर्द जांभळं, ढगाळ दिवशी काळंच वाटतं. पण फुलं इतकी खाली झुकलेली की आतलं बघायला जमिनीशी जावं लागतं. 'प' फिकट पिवळं, आतून स्वच्छ, एकही ठिपका नाही, आणि फुलाचं तोंड समोर. हवंय ते असं: 'ज'चा रंग, 'प'ची ठेवण.

टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत ऊतींपासून) वाढवलेली, ठरावीक वाणाच्या नावाची रोपं मिळतात, ती आणली की प्रश्न मिटला. पण मग प्रकल्प कसला? शिवाय बियांपासून येणाऱ्या हेलेबोरची गंमतच ही की दोन रोपं एकसारखी निघत नाहीत. म्हणून तर चांगले जाणकार बियांपासूनच्या रोपाला आईच्या वाणाचं नाव लावत नाहीत, फार तर 'अमुक रंगाची जात' म्हणतात.

7 फेब्रुवारी 2022

दोन्ही झाडांची गेल्या वर्षीची पानं बुडापासून कापली. दरवर्षी बघणाऱ्यांना हे क्रूर वाटतं, कारण पानं अजून हिरवी असतात. कारणं दोन. त्या पानांवर काळे-तपकिरी डाग पाडणारी बुरशी (मायक्रोस्फेरॉप्सिस हेलेबोरी) मुक्कामाला असते आणि ओल्या हवेत तिथून नव्या कळ्यांवर उतरते. दुसरं म्हणजे जुन्या पानांच्या छत्रीखाली फुलं दिसत नाहीत. कापताना मधोमध वर येणारे गुलाबी कोंब जपायचे, कात्री सरळ खाली घालायची नाही, देठ बाजूला वाकवून कापायचा.

हे फक्त जमिनीलगत फुटणाऱ्या प्रकारांसाठी. हेलेबोरस फीटिडससारख्या खोडवाल्या प्रकारात फुलं त्याच खोडाच्या शेंड्याला येतात. तिथे आत्ता कात्री चालवली की वर्षाची फुलं गेली.

हातमोजे घालूनच. रस कातडीला झोंबतो आणि सगळं झाड विषारी आहे. कापलेली डागाळलेली पानं कंपोस्टात टाकली नाहीत.

20 फेब्रुवारी 2022

आज संकर केले. क्रम नीट लिहून ठेवतो, कारण सगळं यावर उभं आहे.

हेलेबोरच्या फुलात ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर पाच निदलं. खऱ्या पाकळ्यांचं रूपांतर मधाच्या आखूड हिरवट नळ्यांत झालेलं असतं. त्या पुंकेसरांच्या भोवती, निदलांच्या बुडाशी गोलाकार बसलेल्या असतात. मधोमध चार-पाच बीजकोश, प्रत्येकाच्या टोकाला किंचित वाकलेली कुक्षी. आणि महत्त्वाचं: कुक्षी आधी तयार होते, परागकोश नंतर फुटतात. म्हणजे फूल उघडतं तेव्हा ते काही दिवस फक्त मादी असतं. मधमाश्यांच्या आधी पोचायचं असेल तर कळी उघडण्याआधीच गाठावी लागते.

'ज'ची फुगलेली, पण अजून न उघडलेली कळी घेतली. निदलं बोटांनी हलकेच बाजूला केली, चिमट्याने पुंकेसर काढले. परागकोश या वेळी पिवळसर आणि घट्ट मिटलेले असतात, चिमट्यात फुटत नाहीत. 'प'च्या पूर्ण उमललेल्या फुलातून कोरड्या ब्रशवर पराग घेतले आणि कुक्षींना लावले. पराग लागले की कुक्षीच्या टोकावर पिवळी धूळ स्पष्ट दिसते, अंदाजपंचे काम नाही. वर मलमलची पिशवी, देठाला लाल दोरा.

उलटा संकरही केला: आई 'प', पराग 'ज'चे. पांढरा दोरा. आणि 'ज'च्या काही कळ्यांना 'ज'चेच पराग, काळा दोरा. हेलेबोर स्वतःच्या परागांनीही बी धरतं, त्यामुळे तुलनेला ही तिसरी ओळ फुकटात मिळते.

उरलेले पराग कागदाच्या पुडीत, कोरडे, फ्रिजमध्ये. उद्या-परवा त्याच कुक्षींना पुन्हा लावायचे.

3 मार्च 2022

रात्री कडक गोठण. सकाळी दोन्ही झाडं जमिनीवर आडवी, फुलांचे देठ उकडल्यासारखे लुळे. कुणी नवीन असता तर झाड मेलं म्हणून पाणी ओतत बसला असता. काही करायचं नसतं. गोठणीत बर्फाने पेशी फुटू नयेत म्हणून पाणी पेशींतून बाहेर सरकतं, देठातला ताठरपणा जातो आणि झाड लोळतं. दुपारपर्यंत सगळं उभं. दोरे आणि पिशव्या जागेवर आहेत.

दुपारी पहिली मोठी भुंगामाशी 'प'वर. एवढ्या थंडीत तिला इथे काय मिळतं, याचं एक उत्तर कार्लोस हेरेरा आणि मारिया पोझो यांच्या 2010 च्या अभ्यासात आहे. स्पेनमधल्या हेलेबोरस फीटिडसच्या मधात राहणारं यीस्ट साखर खातं आणि त्या खटाटोपात मध आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी गरम होतो. यीस्ट तिथे येतं ते बहुधा माश्यांच्याच तोंडून. माझ्या संकरांत तेच चालतं का ते तपासायची सोय माझ्याकडे नाही, पण माश्या मात्र याच फुलांवर सर्वांत आधी येतात.

28 मार्च 2022

परागीकरण झालेल्या फुलांतल्या मधाच्या नळ्या गळून पडल्या. निदलं टिकून आहेत, हिरवी पडू लागली आहेत. ही हिरवी निदलं पानासारखी कामाला लागतात आणि बी भरायला मदत करतात, त्यामुळे 'फूल जुनं झालं' म्हणून ती तोडायची नाहीत. बीजकोश फुगले. काळ्या दोऱ्याचे जरा बारीक.

2 मे 2022

मावा. बीजकोशांच्या देठांवर आणि निदलांच्या आतल्या बाजूला फिकट हिरवा थर. पाण्याच्या फवाऱ्याने आणि बोटांनी काढला. हेलेबोरचा स्वतःचा मावा असतो, आणि 'ब्लॅक डेथ' म्हणतात त्या रोगाच्या विषाणूचा फैलाव तोच करतो असं मानलं जातं. त्या रोगात पानांवर शिरांच्या बाजूने काळ्या रेघा उमटतात, नवी पानं वेडीवाकडी येतात. उपाय एकच, झाड उपटून नष्ट करणं. त्यामुळे माव्याकडे कानाडोळा नाही. पानांवरच्या गोल डागांची बुरशी वेगळी आणि या काळ्या रेघा वेगळ्या. पुष्कळजण दोन्हींची गल्लत करून चांगली झाडं उपटतात.

9 जून 2022

बीजकोश आतल्या शिवणीने उकलायला लागले. पिशव्या होत्या म्हणून बी हाती आलं, नाहीतर ते झाडाखालीच सांडतं. ताजं बी काळं, चकचकीत. एका कडेने पांढरट, मऊ, तेलकट पट्टी. मुंग्यांना ती पट्टी हवी असते. त्या बी वारुळापर्यंत ओढत नेतात, पट्टी खातात आणि बी टाकून देतात. झाडापासून लांब अचानक उगवलेलं हेलेबोर दिसतं ते असं.

लाल दोऱ्याचं बी भरघोस. पांढऱ्याचं बरं. काळ्याचं कमी, पण पुरेसं.

10 जून 2022

प्रत्येक दोऱ्याच्या बियांचे तीन वाटे केले.

पहिला वाटा आजच पेरला: लीफ मोल्ड (कुजलेल्या पानांचं खत), बागेची माती आणि जाडी वाळू, खोल ट्रे, वर बारीक खडीचा थर. ट्रे झाडाखाली बाहेरच, वर बारीक तारेची जाळी, कारण उंदीर या बिया चवीने खातात. माती एकदाही सुकू द्यायची नाही.

दुसरा ओलसर वर्मिक्युलाइटमध्ये (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज), झिपच्या पिशवीत, घरात 20 अंशांच्या आसपास. थंडीच्या तोंडावर फ्रिजमध्ये, 4-5 अंशांना.

तिसरा मुद्दाम कागदी पाकिटात सुका ठेवला. पुष्कळ जण पाकिटातलं बी शरद ऋतूत पेरतात आणि पुढच्या वसंतात काहीच उगवलं नाही म्हणून हळहळतात. नेमकं काय होतं ते शेजारी-शेजारी बघायचंय.

माझं म्हणणं असं: झाडावरून पडताना या बियांतला गर्भ अगदीच इवला असतो, त्याची वाढ बाकी असते. ती वाढ ओलाव्यात आणि उबेत होते. त्यानंतर थंडी मिळाली की उगवण. उन्हाळा आधी, थंडी मागाहून. हा क्रम उलटा करून चालत नाही. 'बी थंडीत ठेवा' एवढंच सांगणारे अर्धी गोष्ट सांगतात.

4 सप्टेंबर 2022

ट्रेत वर काही नाही, खाली काय चाललंय ते कळत नाही. पिशवीतलं एक बी धारदार पात्याने उभं कापलं आणि भिंगाखाली धरलं. जूनमध्ये कापलेल्या बीत गर्भ एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढा होता, बाकी सगळा पांढरा गर. आता तो लांब झालाय, दोन बीजपत्रांचा आकारही ओळखू येतो. सुक्या पाकिटातलं बी कापलं: जूनमध्ये होता तसाच.

एवढ्यावर प्रयोगाचा निकाल लागला म्हणता येईल, पण उगवण बघेपर्यंत थांबतो.

जुन्या झाडांना शेणखत आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन. हेलेबोरची मुळं आत्ता, उन्हाळा ओसरल्यावर जोर धरतात, पुढच्या कळ्याही याच काळात बनतात. खत द्यायचं तर वसंतात फुलं बघून नाही, आत्ता.

12 ऑक्टोबर 2022

तिसरा वाटा पेरला. दुसऱ्या वाट्याची पिशवी फ्रिजमध्ये.

27 नोव्हेंबर 2022

पिशवीत पांढरी मुळं! कोंब नाही, फक्त मूळ. बाहेरच्या ट्रेत एक कोपरा उकरून पाहिला, तिथेही तेच: बी फुटलंय, मूळ खाली गेलंय, वर काही नाही. थंडीभर झाड जमिनीखालीच राहणार.

मुळं आलेलं बी फ्रिजमधून काढून एकेक कुंडीत लावलं, थंड जागी.

15 फेब्रुवारी 2023

पहिल्या वाट्याचा ट्रे भरलाय. जाड, गुळगुळीत, लंबगोल अशी दोन-दोन बीजपत्रं, कित्येकांच्या डोक्यावर काळं टरफल अजून अडकलेलं. ओढून काढायचं नाही. ओलं केलं की आपसूक सुटतं. दुसऱ्या वाट्याची रोपं याहून थोडी पुढे, पण संख्येत फरक नाही. एवढी फ्रिज-पिशवीची कसरत करून फायदा काय, तर थंडी सौम्य असलेल्या जागी ती उपयोगी. इथे बाहेरचा ट्रे पुरतो.

तिसरा वाटा: माती. नुसती माती. ट्रे टाकून दिला नाही, झाडाखालीच ठेवला.

2 एप्रिल 2023

तीन भागांचं पहिलं खरं पान आलं की विरळणी. बीजपत्रांना धरून उचलायचं, देठाला नाही. रोपं लहान कुंड्यांत. मुळं अपेक्षेपेक्षा लांब, म्हणून खोल कुंड्याच बऱ्या.

एक निरीक्षण: लाल दोऱ्याच्या काही रोपांचे देठ जांभळट, काहींचे हिरवे. काळ्या दोऱ्याचे जवळपास सगळे जांभळट. देठात रंग असेल तर फुलात गडद रंग येण्याची शक्यता जास्त, असं वाढवणारे सांगतात. देठाच्या रंगाने चिठ्ठ्या लावल्या, दोन वर्षांनी ताडून बघू.

रात्री गोगलगाई. विषारी असूनही कोवळी रोपं त्यांना चालतात. टॉर्च घेऊन वेचल्या.

19 ऑगस्ट 2023

उन्हाळ्यात वाढ थांबल्यासारखी झाली, ते ठीक. काही कुंड्यांतली रोपं मात्र माती ओली असूनही माना टाकत होती. उलटी करून पाहिली: मुळांत पांढरट, वाकड्या, बिनपायांच्या अळ्या. सोंडेकिड्याच्या. सगळ्या कुंड्या तपासल्या, अळ्या वेचून माती बदलली. काही रोपं गेली.

1 ऑक्टोबर 2023

वाफ्यात लागवड. खड्डा रुंद, तळाशी लीफ मोल्ड. रोपाचा गड्डा (मुळं आणि देठ जुळतात ती जागा) मातीच्या पातळीलाच ठेवायचा. खोल बसवला तर कुजतो किंवा फुलं येत नाहीत. दोन रोपांत चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर. मोठ्या झाडाची मुळं वाफ्यातलं पाणी ओढून घेतात, त्यामुळे पहिलं वर्षभर पाण्याकडे लक्ष द्यायचं. एकदा जम बसला की हेच झाड कोरड्या सावलीतही तग धरतं, आणि मग त्याला हलवायचं नाही. हेलेबोरला जागा बदललेली आवडत नाही. फोडून लावलं तर रुसून बसतं आणि फुलायला पुन्हा वेळ घेतं.

22 फेब्रुवारी 2024

तिसऱ्या वाट्याचा ट्रे उगवला! ऑक्टोबरात पेरलेलं बी एक उन्हाळा ओलाव्यात काढून, दुसरी थंडी सोसून आत्ता वर आलं. संख्या कमी, बरंचसं बी सडलं असावं. ताजं पेरलेलं बी वर्षाने पुढे. म्हणणं खरं ठरलं, आता पुन्हा पाकीट नाही.

वाफ्यातली रोपं नुसती पानांवर. कळी नाही, अपेक्षाही नव्हती.

18 नोव्हेंबर 2024

काही रोपांच्या मध्यात जाड, गोलसर कोंब. पानाचा कोंब टोकदार असतो, हा नाही. बोटांनी चाचपून बघण्याचा मोह आवरला.

16 फेब्रुवारी 2025

पहिली फुलं. जे दिसलं तेच लिहितो.

लाल दोरा ('ज' आई, 'प' बाप): बहुतेक गढूळ. जांभळ्यावर हिरवट-तपकिरी झाक. पिवळ्याचं रंगद्रव्य आणि जांभळ्याचं एकमेकांवर बसलं की असंच होतं. दोन स्वच्छ रंग मिसळून तिसरा स्वच्छ रंग निघत नाही. ठेवण मात्र सुधारली, बरीच फुलं तिरपी, 'ज'इतकी खाली नाहीत.

पांढरा दोरा: तसंच, थोडं फिकट. एका रोपाची निदलं आतून पिवळसर आणि कडेला जांभळी रेघ. हे मागितलं नव्हतं, पण ठेवायचं.

काळा दोरा: रंग गर्द, माना सगळ्यांच्या खाली. एक रोप आईपेक्षाही काळं, मधाच्या नळ्यासुद्धा जांभळ्या.

देठाच्या चिठ्ठ्या: जांभळट देठ असलेल्यांत एकही पिवळं नाही. हिरव्या देठांत दोन्ही निघाले. म्हणजे चाळणी म्हणून उपयोगी, निर्णय म्हणून नाही.

दुहेरी (पाकळ्यांचे अनेक थर असलेलं) फूल एकही नाही, आणि ते ठीकच. आजच्या दुहेरी हेलेबोरांमागे ब्रिटिश रोपवाटिकाकार एलिझाबेथ स्ट्रँगमन यांना 1971 साली माँटेनेग्रोत सापडलेली हेलेबोरस टॉर्क्वाटसची दोन दुहेरी झाडं आहेत. त्यांचं रक्त या ओळीत मुळात घातलेलंच नव्हतं. पूर्ण दुहेरी फुलात मधाच्या नळ्यांचीच निदलं झालेली असतात, म्हणजे माशीला मध नाही. दिसायला भरगच्च, मला साधी एकेरीच बरी वाटतात.

23 फेब्रुवारी 2025

निवड. गढूळ रंगाची बरीच रोपं काढली. पहिल्या वर्षीच्या फुलावर निकाल लावू नये असं म्हणतात, आणि आकाराबाबत ते पटतं: पहिलं फूल लहान आणि अशक्त असतं. पण गढूळ रंग दुसऱ्या वर्षी स्वच्छ होत नाही. काढलेली झाडं धडधाकट आहेत, कुंपणापलीकडच्या सावलीत जातील.

ठेवलेली: लाल दोऱ्याचं सर्वांत गर्द आणि सर्वांत समोर बघणारं रोप, त्याचा रंग आईच्या जवळ, थोडीशी हिरवट झाक सोडल्यास. काळ्या दोऱ्याचं ते काळंभोर. पांढऱ्याचं जांभळ्या कडेचं. अजून कळी न आलेली सगळी रोपं, त्यांना पुढच्या वर्षापर्यंत मुदत.

1 मार्च 2025

दुसरी फेरी सुरू. ठेवलेलं लाल आणि काळंभोर यांचा संकर, दोन्ही बाजूंनी. इथे पिवळ्याचा वाटा निम्म्यावर येतो, त्यामुळे हिरवट झाक कमी व्हावी आणि ठेवण काही रोपांत तरी टिकावी असा हिशेब. जांभळ्या कडेच्या रोपाला स्वतःचेच पराग. गेल्या वेळी पिवळ्याची स्वतंत्र ओळ ठेवली नव्हती. या वेळी 'प'ला 'प'चे पराग लावले, स्वच्छ पिवळं वेगळं चालू राहील.

निळा, हिरवा, केशरी आणि पिवळा दोरा. मलमलच्या पिशव्या बांधल्या. बी जूनमध्ये, पेरणी त्याच दिवशी.